हाक मारून झाल्यावर

त्या दिवसापासून मी मोठ्याने नामस्मरण करीत नाही. भिलाईतील आमच्या भजनी मंडळात दर गुरुवारी पहिला आवाज माझाच असे. आता मी मागे भिंतीला टेकून बसतो. माझी श्रद्धा उडाली, असे काहीजण म्हणतात. तो गैरसमज दूर व्हावा, या हेतूने हे निवेदन करीत आहे.

व्यवसायाने मी अर्जनवीस. शिक्षण नववीपर्यंतच झाले असले, तरी दुर्गच्या कचेरीबाहेर माझ्या टेबलाशी पदवीधरही ताटकळत उभे राहतात, हे नम्रपणे नमूद करतो. साहेबापुढे दाद कशी मागावी, हे मला कळते. देवापुढेही मी तसाच उभा राहत असे: म्हणणे स्पष्ट, कारणे सबळ, आवाज खणखणीत.

आमची एकुलती एक मुलगी शुभांगी महाविद्यालयात शिकते. तेथील एक तरुण सर, रेल्वेतल्या मराठी घरातले, मुलांना वर्गाबाहेर नेऊन शिकवीत. कधी नदीकाठी, कधी माळावर. एका रविवारी अहिवाऱ्याच्या पुढे, चुनखडीच्या एका सोडून दिलेल्या खाणीपाशी पक्षी पाहायला जायचे ठरले. मुलीला एकटीला कसे धाडावे, म्हणून मीही निघालो.

"बाबा, तुमी कावून येऊन राहिले? पूरी क्लास हसेगी मले."

"मंग प्रार्थना कोण सांगन?"

स्वयंपाकघरातून तिची आई म्हणाली, "येऊ दे वं पोरी. ह्यायचं भजन आयकून पाखरं उडून जातीन, तुमी लवकर घरी याल."

तिथे सरांनी मुलांना एक अभ्यास दिला. एकाने झुडपांत लपायचे. बाकीच्यांनी एकदाच हाक मारायची आणि मग उत्तर कोणत्या दिशेने येते ते कळेपर्यंत श्वासाचाही आवाज होऊ द्यायचा नाही. हा कसला अभ्यास, असे मी सरांना स्पष्टच विचारले. ते हसले. "काका, हाक मारता सगळ्यायलेच येते. आयकनं शिकावं लागते."

दुपारी शुभांगी आणि सर एका पक्ष्यामागे पुढे गेले. आम्ही डबे उघडून बसलो होतो. एवढ्यात दगड घरंगळल्याचा मोठा आवाज झाला आणि धुळीचा लोट उठला. कड कुठे खचली, ते धुळीत दिसेना. खाली विस्तीर्ण खड्डा, त्यात माणूसभर उंच काटेरी झाडोरा. दोघेही दिसत नव्हते.

मुलांनी सरांनी शिकवले तसेच केले. एकदा हाक मारली आणि सगळी गप्प झाली. गप्प झालो नाही तो मी. मी गुडघ्यांवर बसून देवाला साकडे घालीत होतो. आजवरची माझी सेवा, उपवास, सारे कारणांसह मोठमोठ्याने सांगत होतो. मुले विनवीत होती, "अंकल, प्लीज." मला थांबता येत नव्हते. थांबलो तर ती गेलीच, असे वाटत होते.

इतक्यात मागून कोणीतरी माझ्या तोंडावर हात दाबला. खरखरीत हात, त्याला बकऱ्यांचा वास. एक म्हातारी बाई माझ्यावर डोळे वटारून उभी होती.

"चुप रह न गा! सुनन दे!"

मी थांबलो. वारा तेवढा वाहत होता. आणि मग अगदी क्षीण, थांबत थांबत, दगडाने स्टीलची बाटली ठोकल्याचा आवाज आला. डाव्या अंगाने, खालून.

मुलांनी शुभांगीला वर आणले. तिची मांडी मोडली होती. डाव्या पायाने ती आता कायमची लंगडते. कड खचली तेव्हा सरांनी तिचा हात धरला होता, म्हणून ती झुडपांवर पडली. सर खडकावर पडले. ते गेले होते.

शुभांगी इस्पितळातून घरी आल्यावर मी नारळ आणि लुगडे घेऊन त्या बाईच्या गावी गेलो. देवाने तुला धाडले, असे म्हणून तिच्या पायाशी वाकलो. ती दचकून मागे सरली.

"तोर बर थोरे कहेंव गा? मैं तो अपन छेरी खोजत रहेंव."

तिची छेरी, म्हणजे बकरी, त्या दुपारी हरवली होती. तिचा आवाज ऐकण्यासाठी तिने मला गप्प केले होते.

"मग मिली क्या?" मी विचारले.

"नइ मिलिस."

सरांच्या आईनेही अपघाताचे कळताच देवाला हाक मारलीच असेल. माझी मुलगी मिळाली. तिचा मुलगा नाही, या म्हातारीची बकरीही नाही. पूर्वीच्या मला याची कारणे लिहून काढता आली असती. आता लिहिता येत नाहीत. मला जे मिळाले, ते माझ्या अर्जावर मिळाले नाही, एवढेच कळते. आणि म्हणूनच त्याचे ऋण फिटत नाही.

सरांच्या वर्गातली मुले अजूनही रविवारी बाहेर जातात. शुभांगी काठी टेकीत त्यांच्याबरोबर जाते आणि मीही जातो. देवाला आणि सरांना मिळून मी एकदाच हाक मारतो, मनातल्या मनात. मग सगळ्यांबरोबर गप्प बसतो. दूर कुठे एखादी बकरी ओरडली, की माझी मान अजूनही वर होते.