घटकेची वाटी

घंगाळासमोर बसला की आबा आधी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून घ्यायचा. वाटीला बोट लावलं, असं कुणी म्हणायला नको. आणि कुणी विचारायच्या आधीच सांगून टाकायचा, "बुडंल तवा बुडंल."

मुर्धा गावातल्या जुन्या पद्धतीच्या लग्नाला तुमच्यापैकी कुणी गेलं असेल, तर त्याने ती वाटी बघितली असेल. तांब्याची, पातळ, तळाला सुईच्या टोकाएवढं भोक. घंगाळातल्या पाण्यावर सोडली की हळूहळू भरते आणि भरली की बुडते. ती एक घटका, अर्ध्या तासाला जरा कमी. घड्याळं नव्हती तेव्हापासून आबाच्या घरात हे चालत आलेलं. एरवी तो मिठागरात राबलेला माणूस. मी मंडपवाला. खांब ठोकून झाले की मला काम नसायचं, आणि त्याचं तर बसून राहणं हेच काम. म्हणून आमचं जमलं.

वाटी तरंगत असताना तो बोलायचा, पण नजर पाण्यावर. माझ्या मंडपाच्या झालरीला नावं ठेवायचा. एकदा नवरदेवाच्या मामाने मोबाईल दाखवला, म्हणे वेळ झाली, पाव्हणे जेवायचे थांबलेत. आबा म्हणाला, "तुझ्या मोबाईलचं लगीन असंल तवा तो लाव." पाव्हणे कुरकुरायचे, बँडवाले तेच गाणं परत वाजवायचे, आबाला फरक नाही. हट्टी होता. मला कधीकधी रागच यायचा.

माझी नात मुर्ध्यातच दिली. लग्न नवऱ्याकडच्या अंगणात, मंडप माझा, वाटी आबाची. माझी बायको तेव्हा हॉस्पिटलात होती. डॉक्टरच्या हातापाया पडून तिला थोड्या वेळासाठी आणली. प्लास्टिकच्या खुर्चीत उशा लावून बसवली, बाहेर गाडी उभी ठेवली. तिच्या मुठीत अक्षता. म्हणाली, "टाकल्याशिवाय मी उठणार नाही, आधीच सांगते."

सूर्य खाडीपलीकडे गेला तशी आबाने वाटी सोडली. मुहूर्त दोन घटकांनी होता. पहिली बुडाली. दुसऱ्यांदा लावली, आणि माझ्या मेहुणीला भक्ती सुचली. तिने तरंगत्या वाटीत चांगली चिमूटभर हळदकुंकू वाहिलं.

वाटी बुडेना. भटजी मंगलाष्टकं म्हणून थकले. मोबाईल बघून म्हणाले, "आबा, वेळ झाली." आबा वाकला, नाक पाण्याला लागेपर्यंत. भोकावर हळदीचा चिखल बसला होता.

"भोक भरलंय. धुऊन परत लावाया पायजे."

म्हणजे आणखी पुरी एक घटका. नवऱ्याकडची माणसं मान हलवून बसून राहिली. त्यांच्यात वाटी बुडाल्याशिवाय अक्षता पडत नाहीत. त्या घरात नातीचा पहिला दिवस, मी काय बोलणार. बायकोची मान कलत चालली होती. मूठ तेवढी घट्ट.

आबाने तिच्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग मांडीखालचा उजवा हात काढला, एक बोट वाटीच्या काठावर ठेवलं आणि दाबलं.

"बुडाली," तो म्हणाला.

सगळ्यांनी पाहिलं. नवरदेवाच्या आजीने पाहिलं. तिने अक्षतांची मूठ वर केली. भटजींनी मोबाईल खिशात टाकला आणि शेवटचं कडवं मोठ्याने सुरू केलं. माझ्या बायकोने अक्षता टाकल्या. लांब नाही गेल्या, पुढच्या बाईच्या अंबाड्यावर पडल्या. पण टाकल्या.

ती दिवाळीच्या आत गेली. पुढे आबाही गेला, झोपेतच. आता तिथली लग्नं हॉलमध्ये होतात, हॉलवाला वेळ सांगतो. नातीला मुलगी झालीय, संसार बरा चाललाय. त्या मुहूर्ताने कुणाचं काही बिघडलं नाही, म्हणून सांगतोय.

त्या संध्याकाळी मी आबाला शोधत मागच्या नळावर गेलो. चिंच लावून तो वाटी घासत होता. मी पाया पडायला वाकलो, तर ओला हात झटकून म्हणाला, "हितं काय करतोस? बायकोपाशी जाऊन बस."

गेलो. ती पदरात पडलेले तांदूळ वेचत होती. मला म्हणाली, "जिलेबी गरम असली तर आणा. गार असली तर राहू दे."

गरम होती.