विकर नसलेले चाळीस उंदीर

प्रयोगशाळेत सगळे त्यांना उंदीरमामा म्हणत. एकोणीस वर्षं त्यांचं एकच काम: पिंजरे धुवायचे, भुसा बदलायचा, उंदीर तोलून वहीत वजन लिहायचं. बायको गेली तेव्हा चौथ्या दिवशी मामा कामावर हजर. लोक म्हणाले, माणूस आतून पार खचलाय, एक दिवस कोसळणार. मामांना आतलं काही कळतच नव्हतं. भूक लागायची, झोपही यायची.

त्याच सुमारास बाईंनी नवे चाळीस उंदीर आणले. बाई संशोधक, आणि समजावून सांगायची हौस दांडगी.

"मामा, पेशीत बारीक बारीक पिशव्या असतात. तेलातल्या काही चरबीत दुहेरी बंध असतात, ते सोडवणारं एक विकर, म्हणजे एन्झाइम, त्या पिशव्यांत असतं. या उंदरांत ते जन्मापासूनच नाही. तेलकट खाणं द्या. आजारी पडतात का बघू."

मामांनी सहा महिने तसंच खाणं दिलं. उंदीर टुणटुणीत. एकाचंही काही बिनसलं नाही.

"मग त्या विकराचं काम करतं कोण?" मामांनी एकदा विचारलं.

"दुसरं कुणीतरी उरकत असणार. कोण, ते हाती लागत नाही," बाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा उतरला होता.

शेवटी वरून निरोप आला, प्रयोग बंद. असे उंदीर नुसते सांभाळत बसता येत नाही. मामांनी दहा-दहाच्या चार खेपा वायूच्या पेटीत ठेवल्या, झाकण लावलं, घड्याळ पाहिलं. नोकरीच्या पहिल्या वर्षी अशा दिवशी त्यांना घास गिळवला नव्हता. आज डबा चाटूनपुसून संपला.

"मामा, बरे आहात ना?"

"बरा आहे की. पिंजरे उन्हात ठेवलेत."

संध्याकाळी ते मुलीकडे गेले. तिने पाणी दिलं आणि समोरच बसली.

"बाबा, आईला जाऊन वर्ष होत आलं. तुम्ही एकदाही रडला नाहीत."

"रडायला बसून पाहिलं गं. येतच नाही."

 तिने त्यांची पिशवी उचलून आतल्या खोलीत ठेवली. "आज इथेच राहा."

मामा राहिले. पडल्या पडल्या त्यांचा डोळा लागला. सकाळी मुलगी उठली, तेव्हा ओटा पुसलेला होता, भांडी जागच्या जागी लावलेली होती, आणि किती कप चहा टाकू, हे विचारायला मामा तिच्या दारात उभे होते.