सात ओळी जास्तीच्या

मराठवाडा विद्यापीठाचं नामांतर झालं त्याच हिवाळ्यातली गोष्ट. परभणीच्या एका कार्यालयात मी संगणकावर मतदारयाद्या सांभाळायचे. तालुक्याहून मयत मतदारांची यादी आली, तिच्यात नुसती नावं. मतदार क्रमांक लिहायचा कोणीतरी कंटाळा केला होता. क्रमांक शोधून एकेक ओळ बदलायची तर दोन दिवस गेले असते, आणि मला माझ्या वेगाचा भारी तोरा. मी प्रोग्रॅम लिहिला: यादीतलं एकेक नाव उचल, गाव आणि पूर्ण नाव जुळेल ती ओळ ‘मयत’ कर.

मिनिटभरात काम झालं. यादीत नावं एकशे बारा होती, पडद्यावर बदललेल्या ओळी एकशे एकोणीस. अजून सगळं मागे घेता येत होतं. पण साहेब छापील प्रतीसाठी डोक्यावर उभे. काही जणांची नोंद दोनदा झाली असेल, असं मनाला बजावून मी बदल कायम केला.

आठवड्याने तक्रारी आल्या, तेव्हा उलगडा झाला. आपल्याकडे नातवाला आजोबांचं नाव ठेवतात. घरात दोनच नावं आलटून पालटून चालली, की आजा आणि नातू बापाच्या नावासकट सारखे. हे शेंबड्या पोरालाही कळतं. माझ्या अटीत मात्र वय नव्हतं. सात नातू मी जिवंतपणी मारले होते. सहा जण आपापल्या गावातच होते, ते चिडून कार्यालयात आले आणि नावं दुरुस्त करून घेऊन गेले. सातवा ऊसतोडीला गेला होता, आणि यादी त्याच्या ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागली होती.

क्रमांकाची अट घालून मी त्याची एकच ओळ दुरुस्त केली आणि नवा कागद घेऊन निघाले. त्या दंगलीच्या दिवसांत एसट्या कधी चालू, कधी बंद. पालमला उतरून पुढे चालत गेले.

दारात त्याची बायको आली. कपाळ मोकळं, हातात एक बांगडी नाही. गुरुजींनी भिंतीवरचं वाचून दाखवलं होतं: वय अठ्ठ्याहत्तर, मयत, खाली तेच नाव, वय अठ्ठावीस, मयत. म्हातारा श्रावणात गेला, ते खरं होतं. मग खालचं खोटं कसं असेल? कारखान्यावरून तर नवरा तिकडे गेल्यापासून निरोप नव्हता.

मी हात जोडले. चूक माझी, तुमचे मालक जिवंत आहेत, कुंकू लावा, म्हणाले. तिने कागद हातात घेतला नाही.

“बाई, भितीवरला कागद बी तुमचाच व्हता. तुमी बघितलं का त्यांला?”

मी बघितलं नव्हतं. मी त्याला जिवंत लिहून आले होते. तो जिवंत होता की नाही, हे मलाही ठाऊक नव्हतं.