टाकीतला समुद्र

“भांडायचं कशाला, भाऊ? वाळूला विचारू.”

असं म्हणून तो शर्टाच्या खिशातून वाळूची चिमूट काढायचा, कानाजवळ नेऊन दोन बोटांत चोळायचा आणि डोळे मिटून ऐकत राहायचा. शिक्षकांच्या खोलीतला वाद वेळापत्रकाचा असो की खिडकी उघडी ठेवण्याचा, निवाडा असाच व्हायचा. सगळे हसायचे. मीही हसायचो, पण माझं हसू खरं नसायचं.

साठ सालाच्या आसपासची गोष्ट. नंदुरबारच्या एका शाळेत तो विज्ञान शिकवायचा, मी गणित. तो कळसाडीच्या, कापूस पिकवणाऱ्या घरातला. मी धुळ्याचा, शाळेत त्याच्याहून चार वर्षांनी जुना आणि बी.एस्सी.ला पहिल्या वर्गात आलेला. हे मी तेव्हा वरचेवर सांगत असे, म्हणून आताही सांगितलं.

त्याने पीएच.डी.साठी नाव नोंदवलं होतं. किनाऱ्यालगतची वाळू लाटांबरोबर कशी सरकते आणि समुद्राचा तळ कसा बदलतो, हा विषय. कोकणातल्या एका लहान बंदराचं तोंड वाळूने बुजत होतं. तिथे दगडी धक्का बांधला तर वाळू कुठे साठेल, हे त्याला बांधण्याआधी सांगायचं होतं. आता तुम्हीच बघा, नंदुरबार कुठे आणि समुद्र कुठे! त्याने स्वतः समुद्र दोनदाच पाहिला होता. “पण तापी तर लहानपणापासून पाहिली ना,” तो म्हणायचा. “दर पुरानंतर वाळूची जागा नवी. खोड मात्र तीच. पाणी मंदावलं की ती बसते.”

कापसातून सरकी काढणाऱ्या एका जिनाच्या मालकाने आवारातली कडेची, छप्पर घातलेली जागा त्याला दिली. तिथे त्याने विटा-सिमेंटची, बैलगाडीएवढी लांब टाकी बांधली. एका टोकाला लाटा उठवणारी फळी, ती हलवायला जिनाचं जुनं चाक, मधे विटांचा छोटा धक्का आणि तळाला तापीची चाळलेली वाळू. कण कुठून कुठे जातात ते दिसावं म्हणून थोडी वाळू लाल हवी होती. ती तो गल्लीतल्या रंगारी चाचांकडे घेऊन गेला. चाचा म्हणाले, “मास्तर, सारी उमर कपडा रंगाया. रेती पैली बार!” आणि पाण्यात न सुटणारा पक्का रंग चढवून दिला.

जिनाचा राखणदार चाक फिरवायला यायचा. “सर, तुम्हना समुद्र आज काय करी ऱ्हायना?”

“जागा बदली ऱ्हायना, दादा!”

हा सवाल-जवाब गावभर झाला. हेडमास्तर तर पदवी मिळायच्या आधीच त्याला ‘डॉक्टर’ म्हणू लागले. एकदा जेवताना बायकोने सहज विचारलं, “तुम्ही का नाही हो असलं काही करत?” त्या दिवशी मी पुढचा घास न घेता उठलो.

आकडेमोड तपासायला तो माझ्याकडेच यायचा. “भाऊ, तुमची नजर फिरली की मला धीर येतो.” मी चुका शोधायचो. एखादी सापडली की तो दिवस मला बरा जायचा. प्रबंध अर्धाही झाला नव्हता, पण आभाराचं पान त्याने लिहून ठेवलं होतं. त्यात पहिलं नाव माझं होतं.

त्याची मोजायची रीत साधी होती. आठ दिवस लाटा चालवायच्या, मग टाकीच्या तळाचं बूच किंचित सैल करून पाणी बोट बोट उतरवायचं. प्रत्येक बोटाला पाण्याची कड जिथे वाळूला टेकेल, तिथे पांढरा सुती दोरा अंथरायचा. टाकी कोरडी झाली की दोऱ्यांच्या वेढ्यांतून तळाचे उंचवटे-खळगे नीट दिसायचे. तीन वेळा प्रयोग झाला. तिन्ही वेळा धक्क्याच्या मागे, आडोशाला, लालसर ढीग साठला.

चौथा प्रयोग बघायला त्याचे मार्गदर्शक मुंबईहून येणार होते. आदल्या दिवशी, रविवारी, कळसाडीहून आई आजारी असल्याचा निरोप आला. लाटांचे आठ दिवस झाले होते, पाणी उतरवणं तेवढं बाकी होतं. जाताना त्याने दोऱ्याचं गुंडाळं माझ्या हातात दिलं. “बोट बोट, भाऊ. एकदम सोडलं तर वाळू घसरते.”

मला पूर्ण दिवस मोकळा होता. मी बूच सगळं काढलं. मुद्दाम. पाणी धावलं, ढीग विस्कटला, तळ ताटासारखा सपाट झाला. मग मी त्यावर मनाला येतील तसे दोरे अंथरले. सुबक अंथरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो कळसाडीहून परतला आणि स्टेशनवरून मार्गदर्शकांना घेऊन थेट टाकीवर आला. ते बराच वेळ वाकून बघत होते. “ढीग कुठे आहे? पाणी कोणी सोडलं? दोरा कोणी घातला?”

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी दोऱ्यांकडे पाहत होतो.

“मीच, सर,” तो म्हणाला.

“मग आधीचे तीन प्रयोगही तुमच्याच हातचे. त्यांवर तरी विश्वास कसा ठेवायचा?”

माझं नाव त्याने घेतलं असतं तर एक प्रयोग बाद झाला असता. घेतलं नाही म्हणून चारही गेले. बाहेर येताना तो मलाच समजावत होता, “घाई होते कधी कधी, भाऊ. मनाला लावून घेऊ नका.”

त्या वर्षाअखेर तो गुजरातेत कुठल्याशा शाळेत गेला. पोचवायला मी स्टेशनवर गेलो नाही. पत्र त्याने दोनदा पाठवलं, मी एकदाही नाही. त्यानंतर तो मला कधी भेटला नाही. खिशात वाळू ठेवायचा की नाही, कोण जाणे.

टाकी जिनमालकाने कापसाच्या गाड्यांच्या बैलांना पाण्यासाठी ठेवली. वाळू कोणी काढली नाही, धक्काही पाडला नाही. पुढच्या हंगामात मी तिकडून जात होतो. फळीच्या टोकाकडून बैल ओळीने पाणी पीत होते. त्यांच्या तोंडांनी बारीक लाटा उठून धक्क्याकडे जात होत्या. मी वाकून पाहिलं. धक्क्याच्या मागे, आडोशाला, लाल वाळूचा छोटा ढीग साठला होता. तो म्हणायचा त्याच जागी.

पाणी कोणी सोडलं, असं विचारलं होतं, तेव्हा मी गप्प राहिलो. वाळूला तर कोणी विचारलंही नव्हतं.