सालईच्या टेकडीवरचा लाल ठिपका

मी वनरक्षक. बालाघाटाच्या डोंगरातल्या अभयारण्याचा एक तुकडा माझ्याकडे आहे. जंगल कुठं कमी झालं की उपग्रहाच्या फोटोवरून मोबाईलवर लाल ठिपका येतो. तिथं प्रत्यक्ष जाऊन खात्री करायची, हे माझं काम. प्रत्यक्ष जाऊन. मुद्दाम लिहितेय, कारण एका वर्षी शिमग्यानंतर ठिपका आला, तेव्हा मी वर गेले नाही.

ठिपका सालईच्या झाडांच्या टेकडीवर होता. ऊन असं की डोकं फुटावं. पायथ्याला एका म्हाताऱ्याचं घर. अख्खं गाव दिवाळीपासून ऊसतोडीला गेलेलं. मागं हा, त्याची म्हातारी आणि वीस-पंचवीस शेळ्या. दारात ओल्या फांद्यांचा ढीग दिसला आणि माझं डोकंच फिरलं. त्याला नको नको ते बोलले. तो म्हणत राहिला, ही बांधावरची बाभळ हाय, वर चल, झाडं जिथल्या तिथं हायत. मी काय म्हणावं?

"मामा, उपग्रह खोटं बोलत न्हाई."

ढिगाचा फोटो काढला, तोड झाली असं लिहिलं आणि घरी येऊन पंख्याखाली आडवी झाले.

गुन्हा नोंदला गेला. आजवर कुणी न अडवलेल्या शेळ्यांना डोंगर बंद झाला. चारायला दुसरं रानच नव्हतं. महिन्याभरात त्यानं सगळ्या शेळ्या बाजारात नेऊन विकल्या.

जूनमध्ये दुसऱ्याच कामासाठी वर गेले. एकही खोड तुटलेलं नव्हतं. सालईला कोवळी पालवी आलेली. उन्हाळ्यात ती बोडकी होते, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. मलाही ठाऊक होतं की! दिवाळीचा हिरवा फोटो आणि शिमग्याचा बोडका फोटो ताडून यंत्रानं तोड ठरवली, आणि मी, धडधाकट डोळ्यांची बाई, मान डोलावून मोकळी झाले. लई लाज वाटली स्वतःची.

तशीच खाली आले. म्हाताऱ्याला सांगितलं, माझं चुकलं, झाडं उभी आहेत, मी साहेबांना तसं कळवते. तो दोरी वळत होता. मान वर न करता म्हणाला, "मला कावून सांगतीस? मला तं ठावंच हुतं."

केस एका ओळीत बंद झाली. दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळीचा ट्रक गावात आला. शेळ्या गेल्यावर पोटाला दुसरं काही उरलं नव्हतं. साठी उलटलेली ती दोघं कोयता घेऊन निघाली. म्हातारीला ट्रकात चढता येईना. मी पुढं होऊन हात दिला. तिनं तो धरला नाही. दोनदा घसरली, आणि फळीला धरून आपली आपण चढली.