तारेचा एक वेढा
धाकटा भाऊ गेला तो रविवार होता. अंबरनाथच्या आमच्या खोलीत तो हौशी रेडिओसाठी अ‍ॅम्प्लिफायर बांधत होता. त्यातले काचेचे व्हॉल्व्ह उल्हासनगरच्या कॅम्पातून आणलेले, लष्करी भंगारातले. संदेश पाठवत नसतानाही एक व्हॉल्व्ह आपोआप कंप पावायचा आणि आतला पत्रा लाल व्हायचा. “ताई, बघ, न विचारता गातोय, अगदी तुझ्यासारखा,” तो म्हणायचा. उपाय म्हणून तो एका रेझिस्टरवर तांब्याच्या तारेचे वेढे घालून ते व्हॉल्व्हच्या डोक्याशी जोडी आणि एकेक वेढा कमीजास्त करून पाही. आत हजारो व्होल्ट असत, म्हणून हात घालण्यापूर्वी तो “बंद?” विचारी, मी भिंतीवरचं बटण बंद करून “हो” म्हणे, मगच तो हात घाली. त्या दुपारी मी वाचत होते. त्यानं “बंद?” विचारलं आणि मी जागेवरून न उठता, पुस्तकातून मान वर न करताच “हो” म्हणाले. पुढे त्याच्या मित्रानं एक वेढा काढला, तेव्हा व्हॉल्व्ह शांत राहिला. त्याचं तेवढंच काम उरलं होतं. “पोरगा घाईत बटण विसरला,” आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. ती गेली तेव्हाही मी तिला खरं सांगितलं नव्हतं. आता ते फक्त मला माहीत आहे.