धुळीचं तापमान विचारायला पुण्याला

पुण्याला जायचं ठरवलं ते वैतागून. एका वहीतलं एकच उत्तर चुकत होतं आणि चूक कुठं आहे हे सांगणारं सोलापुरात मला कोणी भेटेना. एका कॉलेजातल्या सरांनी तर वही उघडलीसुद्धा नाही. परीक्षा कुणाची आहे, एवढंच विचारलं.

वही आमच्या ह्यांची. ते अक्कलकोट रस्त्यावरच्या टॉवेल कारखान्यात बॉयलरवर होते. संध्याकाळी मी वाचनालयातलं विज्ञानाचं पुस्तक मोठ्यानं वाचायचे आणि ते आकडेमोड करायचे. तारे ज्या ढगांत जन्मतात, त्या ढगांच्या गाभ्यातली धूळ किती गरम असते, हे त्यांना स्वतः काढायचं होतं. ती धूळ डोळ्यांना दिसत नाही, पण तिच्यातून उष्णतेचे किरण निघतात. धूळ जितकी गार, तितक्या त्या किरणांच्या लहरी लांब. ह्यांनी गाभ्याचे कांद्यासारखे पापुद्रे पाडले आणि एकेकाचं तापमान काढलं. पण लहरी पुस्तकात दिल्यापेक्षा आखूडच निघायच्या. सहा वेळा मांडलं. सातव्या वेळी तीन पापुद्रे झाले आणि हे गेले. त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून मी मांडतेय, आणि चुकतेय.

पुण्यातली एक संशोधन संस्था वर्षातून एक दिवस सगळ्यांना आत सोडते, असं पेपरात वाचलं आणि निघाले. शेजारच्या महादेवीअक्का म्हणाल्या, "धुळीसाठी पुण्याला कशाला जायचं? हितं काय कमी हाय व्हय?"

तुम्ही जाणार असाल तर तिकीट आठवडाभर आधी काढा. मी काढलं नाही आणि जनरलच्या डब्यात दाराशी बसून गेले. कुर्डुवाडीच्या अलीकडं गाडी पाऊण तास उभी. का, ते कुणालाच माहीत नाही. कडक भाकरी आणि शेंगाचटणी मात्र जवळ ठेवा, स्टेशनवरच्या वड्याच्या नादी लागू नका. समोरच्या बाईंनी विचारलं, मुलाच्या ॲडमिशनला निघालात का? हो म्हटलं. धूळ कोण समजावणार.

पुण्यात दोन रिक्षावाल्यांनी नाही म्हटलं, तिसऱ्यानं असा आकडा सांगितला की मी बस पकडली. बस सोडते तिथून पुढं उन्हात वीस मिनिटं चालायचं आहे, छत्री न्या. फाटकावर सुरक्षारक्षकानं मोबाईलवरचा कोड मागितला. आधी नाव नोंदवायचं होतं म्हणे. पेपरात तसं काही नव्हतं.

"काकू, मुलं कुठं आहेत? पालकांची रांग तिकडं."

"मुलं नाहीत बरोबर. मीच आलेय."

त्यानं माझ्याकडं आणि पिशवीकडं पाहिलं आणि एका कागदावर माझं नाव लिहून घेतलं.

आत शाळांची झुंबड. कृष्णविवर मला तीन टेबलांवर तीनदा समजावलं गेलं. धुळीचं विचारलं की जो तो पुढच्या टेबलाकडं बोट दाखवी. जेवणाची वेळ टळून गेल्यावर शेवटी मृणाल नावाची एक मुलगी भेटली. तिचा अभ्यासच या धुळीवर. ती बसली आणि वही पहिल्या पानापासून वाचायला लागली. दोन वर्षांत असं कोणी केलं नव्हतं. मी पाणी प्यायचंही विसरले.

बऱ्याच वेळानं तिनं विचारलं, "काकू, काका काम काय करायचे?"

"बॉयलरवर होते."

ती हसली, पण चांगलं हसली. "तरीच. त्यांनी आग मधोमध धरलीय. या गाभ्यात तारा अजून पेटलेलाच नाही. ऊब येते ती बाहेरून, आजूबाजूच्या ताऱ्यांच्या उजेडाची, आणि ती वरची धूळच अडवते. सगळ्यात गार असतं ते मधलं."

"आणि बाकीचं?"

"बाकीचं बरोबर आहे. पापुद्रे आम्हीही असेच पाडतो, फक्त संगणकावर."

मला ह्यांचा असा राग आला. उभा जन्म भट्टीसमोर काढलेला माणूस, त्याला मध्ये आग नाही हे सुचणार कसं? आणि मला तरी कुठं सुचलं? आम्ही दोघं न पेटलेल्या चुलीची आच मोजत बसलो होतो.

परतीची गाडीही उशिरानंच आली. त्यावर आता लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वही घेऊन बसले. सातव्या मांडणीतले ह्यांचे तीन पापुद्रे मधल्या आगीपासूनच सुरू झालेले, म्हणजे खोडणं आलं. पेन हातात धरून चहा गार होईपर्यंत बसले. शेवटी खोडले. चुकीचं तसंच ठेवलेलं त्यांना खपलं नसतं. पण एकेकच रेघ मारली, खालचे आकडे वाचता येतील अशी. मग बाहेरून आत मांडत गेले. आत जाईल तशी धूळ गार होत गेली, लहरी लांब झाल्या आणि दुपारी पुस्तकाशी जुळल्या.

जुळल्या तेव्हा सवयीनं मी उत्तर मोठ्यानं वाचलं.